मॅट्रिक फेल

परवा फोनवर तू केकची गोष्ट सांगितलीस. मधोमध बसला, कडा करपल्या, तुझ्या भावाने त्याचा फोटो काढून मित्रांना पाठवला. "टोटल फेल, आजी," म्हणून तू हसलीस आणि मागून तोही हसला. मी काही बोलले नाही, तेव्हा तुला वाटलं फोन कटला. तू दोनतीनदा हॅलो म्हणालीस. फोन कटला नव्हता. मी त्या शब्दापाशी थांबले होते.

तुम्हा दोघांना त्या शब्दाचं काही वाटत नाही आणि वाटू नये हेच बरं. पण पुसदच्या घरात मी सून म्हणून आले तेव्हा तो शब्द तिथे माझ्या आधीपासून राहत होता, आणि तुमच्या आजोबांच्या धाकट्या बहिणीचं पुढचं सगळं त्यावर ठरलं. तुम्ही तिला दिग्रसची आजी म्हणायचात. लहानपणी एका सुट्टीत तुम्ही तिच्याकडे राहिला होतात, ते आठवत असेल तर हेही आठवत असेल की तुम्ही आपसांत इंग्रजी बोलायला लागलात की ती हातातलं काम तसंच ठेवून स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. तुम्ही थांबलात की पुन्हा आत जायची.

माझं लग्न सत्तावन्न साली झालं. नागपूरला इंग्रजी घेऊन मी बी.ए. झाले होते. सासऱ्यांची, मी त्यांना मामंजी म्हणत असे, कापसाच्या बाजारात अडत होती. गावोगावचे शेतकरी गाड्या भरून कापूस आणत, मामंजी तो विकून देत. तुमचे आजोबा रस्त्यांच्या खात्यात ओव्हरसीअर होते आणि महिन्यातले बरेच दिवस दौऱ्यावर असत. मग घरात उरायचो आम्ही चौघं: मामंजी, सासूबाई, नणंद आणि मी.

आल्यावर थोड्याच दिवसांत ओसरीवर बसलेल्या एका पाहुण्यांशी मामंजींनी माझी ओळख करून दिली. "सूनबाई, हे आपल्या उमरखेडच्या आत्याचे दीर. मिडल फेल."

मला वाटलं, मामंजी त्यांची थट्टा करत आहेत. मी ओशाळून खाली पाहिलं. पाहुणे मात्र उपरणं सावरून ताठ बसले.

"आन् ही आमची सून. बी.ए."

"बी.ए. फेल?" पाहुण्यांनी विचारलं.

"नाही, नाही. पास."

"वा," पाहुणे म्हणाले. पण त्यानंतर ते माझ्याशी फारसं बोलले नाहीत.

आमच्या कॉलेजात निकालाच्या दिवशी हा शब्द कोणी तोंडातून काढत नसे. 'तिचं राहिलं' असं म्हणायचो आणि तेही हळू. पुसदला तो मोठ्याने, नावाला जोडून म्हणायचा शब्द होता. मिडल फेल, मॅट्रिक फेल, इंटर फेल. मिडल म्हणजे मॅट्रिकच्या अलीकडची परीक्षा, इंटर पलीकडची. बाजारात एका डॉक्टरच्या पाटीवर नावाखाली 'इंटर सायन्स फेल' असं रंगवलेलं होतं आणि त्यांच्याकडे रोगी कमी नसत. मामंजींनी मला एकदा समजावून सांगितलं, की फेल व्हायला आधी परीक्षेच्या हॉलपर्यंत पोचावं लागतं. ज्या गावातून कोणी तिथवर गेलंच नव्हतं, तिथे पोचून आलेल्या माणसाला काही म्हणायला हवं होतं, आणि त्यासाठी हा शब्द होता. मराठीत नापास होता, पण तो शिवीसारखा वापरत. ढोर नापास, पोट्टं नापास. फेल त्यातला नव्हता. पाऊस फेल जायचा, घाटात मोटर फेल व्हायची, एखाद्याचं हार्ट फेल व्हायचं. त्यात कोणाचा दोष नसे.

माझ्या नणंदेला मी बाई म्हणत असे, ती मला वैनी. मी आले तेव्हा ती शाळेत होती. दुपारी भांडी झाली की आम्ही ओसरीच्या टोकाला बसायचो आणि मी तिला इंग्रजी शिकवायची. बाकी सगळं तिचं तिला यायचं, इंग्रजी मात्र ती पाठ करायची. निबंध पाठ, पत्र पाठ, भाषांतराची वाक्यंसुद्धा पाठ. मी म्हणायची, "बाई, पेपरात हीच वाक्यं येणार नाहीत." ती म्हणायची, "नाही आले त मंग पाहू वैनी. पहिले आले त सोडाचे का?"

तिच्या वर्गातली एक मैत्रीण तिच्याबरोबर येऊन बसत असे. त्यांची वस्ती जिनिंगच्या, कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, पलीकडे होती, वडील जिनात कामाला होते. छप्पन साली त्या घरच्यांनी नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेतली, तरी आमच्या ओसरीच्या कोनाड्यात तिच्यासाठी वेगळा ठेवलेला पेला तसाच वेगळा राहिला. ती पाणी प्यायची, पेला विसळून पालथा घालायची आणि पुस्तक उघडायची. दोघींचं ठरलेलं होतं: मॅट्रिक पास व्हायचं, यवतमाळला ट्रेनिंगला जायचं, मास्तरीण व्हायचं. कोणत्या गावाला नेमणूक मागायची इथपर्यंत त्यांच्या गोष्टी चालत. माझी नणंद म्हणायची, जिथं मोटर जाते तिथं. मैत्रीण म्हणायची, जिथं मोटर जात नाही तिथं लवकर भेटते.

मार्चची परीक्षा झाली. नागपूरच्या वर्तमानपत्रात नंबर छापून आले, त्यात दोघींचेही नव्हते. नंतर मार्क आले. मैत्रीण गणितात गेली होती आणि आमची इंग्रजीत, थोडक्यासाठी. मला तिच्याकडे पाहवेना. तिने मात्र मार्क पुन्हा पुन्हा वाचले आणि विचारलं, "ऑक्टोबरले फक्त इंग्रजीच द्या लागते न, वैनी?"

"हो. बाकीचं झालं."

"मंग काय."

संध्याकाळी मामंजी बाजारातून जिलबी घेऊन आले. बाजारात ते सगळ्यांना सांगून आले होते. त्यांच्या घरात, भावकीत, कोणाची मुलगी इतकी पुढे गेली नव्हती. पुडा सोडून त्यांनी पहिला तुकडा लेकीपुढे धरला.

तिने हात मागे घेतला. "बाबा, मी नापास झाली."

"नापास म्हणू नको माय," मामंजी म्हणाले. "फेल म्हण."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ती जिलबी खाल्ली. त्या संध्याकाळी मी हसलेही. एवढा निरागस माणूस मी कधी पाहिला नव्हता, असं मला वाटलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

उन्हाळा गेला, पावसात आम्ही ऑक्टोबरची तयारी करत राहिलो. पाठ करणं मी तिला सोडायला लावलं. रोज नवी वाक्यं देत असे आणि ती अडखळत, चुकत, स्वतःची करत असे. पोळ्यापर्यंत ती चुकायची कमी झाली. मी परीक्षक असते तर तिला पास केलं असतं, असं मला मनोमन वाटायला लागलं.

पोळा झाला आणि दिग्रसकडून एक स्थळ आलं. मुलाचे वडील नव्हते, सगळं त्याचे काका पाहत. काका बोलका माणूस. चहा बशीत ओतून, फुंकर मारत, मध्येच बशी हवेत थांबवून बोलायचे. मी आतल्या दारामागे उभी होते.

"पोरगी किती शिकली म्हणता?"

"मॅट्रिक फेल," मामंजी म्हणाले.

काकांनी बशी खाली ठेवली. "अरे बापा. मंग त जमलंच म्हणा. आमचा पोट्टाही मॅट्रिक फेल."

"काय म्हणता."

"खोटं कायले सांगू. दोनदा बसला. दोन्ही डाव फेल."

"दोनदा," मामंजी आदराने म्हणाले.

"त्याच्याचसाठी त आडून राह्यलं. एक पोरगी पायली, चौथी शिकलेली. पोट्टा म्हणे, तिच्यासंग गोष्टी काय करू? मंग यवतमाळची सांगून आली, मॅट्रिक पास. आमची वहिनी म्हणे, नको बाप्पा, ते घरात येऊन पोट्ट्यालेच शिकवन. आता ही पाहा. ना वर, ना खाली."

"बरोबरीची आहे," मामंजी म्हणाले.

मुलगा पाहायला आला तेव्हा मी तिच्याबरोबर बसले होते. उंच, लाजरा, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेला. काका म्हणाले, इचार काही. तो बराच वेळ सतरंजीकडे पाहत राहिला, मग म्हणाला, "कशात गेलं?"

"इंग्रजीत," ती म्हणाली.

"माहंही इंग्रजीतच." आणि तो हसला. तिलाही हसू आलं. दोघांनी लगेच माना खाली घातल्या, पण ते सगळ्यांनी पाहिलं होतं. काकांनी मामंजींच्या मांडीवर थाप मारली.

पाहुणे गेल्यावर चुलीपाशी तिने मला विचारलं, "माणूस बरा आहे न, वैनी?"

"बरा वाटला."

"मलेही वाटला." भाकरी थापता थापता ती थांबली. "ऑक्टोबरले बसाचं त्याले सांगन मी. तो काही नाही म्हणनार नाही. त्याले मालूम आहे, इंग्रजी कसं असते ते."

म्हणजे तिच्या मनात ही दोन्ही एकाच वाटेवर होती, स्थळ आणि परीक्षा. माझ्याही मनात होती. मला त्यात काही अडचण दिसली नाही.

काका बोलणी पक्की करायला पुन्हा आले, तेव्हा आम्ही ओसरीच्या टोकाला पुस्तकं उघडून बसलो होतो. त्यांनी चपला काढता काढता विचारलं, "हे काय चालून राह्यलं?"

तिनेच सांगितलं, उत्साहाने. "ऑक्टोबरले पुन्हा बसून राह्यली काकाजी. यंदा निघतेच."

काका आत येऊन बसले. त्यांचं बोलणं पहिल्यासारखं नव्हतं. चहा आला, बशीत ओतला, तसाच राहिला. थोड्या वेळाने ते मामंजींना म्हणाले, "पोरगी पास झाली त मंग?"

"त काय," मामंजी म्हणाले, "पास होईन."

"तसं नाही भाऊ. ते पास आन् आमचा फेल. मंग ते यवतमाळच्या पोरीनं काय पाप केलतं? तिलेच नसती का केली?"

मामंजींना हे पटलं. त्यांच्या चेहऱ्यावर पटलेलं दिसलं. तरी त्यांनी एक तोड काढून पाहिली. "मंग असं करा न. तुमच्या पोट्ट्यालेही बसवा. दोघंही पास होतीन."

काकांनी विचार केला. "आन् पोरगी पास झाली, पोट्टा पुन्हा फेल झाला, त?"

मला वाटलं, आता मोडणार. पण काकांना मोडायचं नव्हतं. त्यांना मुलगी आवडली होती, घर आवडलं होतं. ते म्हणाले, "आमी बसू नको नाही म्हणत. शिक्षण चांगलीच गोष्ट आहे. पण एवढी बरोबरी कुठं जुळते सांगा." आणि दसऱ्याला साक्षगंध करायचं म्हणून उठले. तुम्ही ज्याला साखरपुडा म्हणता तेच, आमच्याकडे साक्षगंध म्हणतात. दसरा साडेतीन मुहूर्तांतला. त्यात मुद्दाम केलेलं काही नव्हतं. परीक्षा दसऱ्याच्या आधीच्याच दिवसांत होती, हेही कोणी मुद्दाम केलेलं नव्हतं.

मार्चला पेपर पुसदलाच झाले होते. ऑक्टोबरला बसणारी मुलं थोडी, म्हणून सेंटर यवतमाळला होतं. म्हणजे मोटरने दिवसभर जायचं, तिथे मुक्काम करायचा, पेपर द्यायचे आणि परत यायचं. कोणीतरी बरोबर हवं होतं.

मी पहिल्यांदा मामंजींना विचारलं. ते म्हणाले, "बसू दे न. कोण नाही म्हणते? लग्न झालं का तिकडूनच बसन. त्याइचं गाव यवतमाळले जवळ आहे."

"लग्न झाल्यावर ते बसू देतील का, मामंजी?"

"काहून नाही देनार? चांगले लोकं आहे."

सासूबाईंना विचारलं. त्या वाल निवडत होत्या. "मी कायले नाही म्हणू? पण साक्षगंधाच्या तोंडावर कोणी पोरगी मोटरनं यवतमाळले नेते का? लोक म्हणतीन, काय झालं हिले, डाक्टरकडं नेली का. एक डाव कोणाच्या तोंडातून निघालं का मंग ते पुसता येते का?"

तुमचे आजोबा दौऱ्यावरून आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मी बाबांशी बोलतो." आणि खरंच बोलले, कापसाच्या गंजीपाशी उभं राहून बराच वेळ बोलले. आत आले आणि पायातले बूट काढत म्हणाले, "अगं, बाबा नाही म्हणतच नाहीत."

त्या घरात नाही म्हणणारा माणूसच नव्हता. कोणी ओरडलं असतं, पुस्तकं फेकली असती, तर मी काहीतरी बोलले असते. तेवढं इंग्रजी आणि तेवढं मराठी मला येत होतं. पण सगळे हो म्हणत होते आणि दिवस जात होते.

शेवटी मी म्हणाले, मी तिला घेऊन जाते. सासूबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. तेव्हा तुमचे बाबा माझ्या पोटात होते, सातवा महिना संपत आला होता. "तू?" त्या म्हणाल्या. "या अशा अंगानं, त्या खड्ड्याखड्ड्यातून? मोटर कुठं फेल झाली त काय करशीन, रस्त्यावर बाळंत होशीन?" मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुले वाटते आमी तिचं वाईट करून राह्यलो. तुह्या बापानं तुह्यासाठी काय पायलं होतं? पोरगा किती शिकला हेच न?"

तेही खरं होतं. माझ्यासाठी एक इंटर झालेला मुलगा सांगून आला होता आणि माझ्या वडिलांनी, घरचं सगळं चांगलं असूनही, त्याला परत पाठवलं होतं. मी बी.ए., नवरा इंटर, कसं दिसेल? त्यावेळी मला ते बरोबरच वाटलं होतं. मला त्याच तराजूत घालून आणलं होतं, फक्त माझं पारडं वर होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी तिची मैत्रीण आली. ओसरीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली, "चाल न माह्यासंग. माहा बा येऊन राह्यला. यवतमाळले माह्या मावशीचं घर आहे, तिथं राहू."

नणंदेने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई आत निघून गेल्या. त्या वस्तीतल्या लोकांबरोबर जायचं, त्यांच्या घरी राहायचं, जेवायचं, हे आमच्या घरात नाही म्हणण्याइतकंही बोलून दाखवलं गेलं नसतं.

"तुहा बा रागावला नाही का तू फेल झाली त?" नणंदेने तिला विचारलं.

"रागावला न. पण बा म्हणते, तू फेल झाली त झाली, परीक्षा का मेली?" ती हसली. कोनाड्यातला पेला घेऊन पाणी प्यायली, विसळून पालथा घातला. "येतो मी."

"पेपर घेऊन येजो," माझी नणंद म्हणाली. "इंग्रजीचा."

इंग्रजीच्या पेपरच्या दिवशी सकाळी आम्ही दोघी अंगणात मूग पाखडत बसलो होतो. साक्षगंधाला येणाऱ्या पाहुण्यांसाठी बरंच काही करून ठेवायचं होतं. तिच्या हातात सूप होतं. कोंडा उडत होता आणि तिने पदर नाकावर घेतला होता. कोर्टाच्या घड्याळाचे अकरा ठोके ऐकू आले. तिचं सूप थांबलं.

"आता पेपर वाटले असतीन, वैनी?"

"हो."

सूप पुन्हा हलायला लागलं. काही वेळाने ती म्हणाली, "आता पहिला प्रश्न झाला असन. व्याकरण आहे त लवकर होते."

"होतं."

मी उठून आत जाऊ शकले असते. काम होतंच. पण मी गेले तर ती हे कोणाला विचारणार, असं वाटून बसून राहिले. ती मूग सुपात घेई, वर उडवी, झेली. तिचे ओठ हलत होते, पण आवाज येत नव्हता. मध्येच म्हणाली, "निबंध शेवटी लिहाचा म्हणे तुम्ही. मी पहिले लिहिला असता. ताजं डोकं असते."

"तसंही चालतं."

"भाषांतराले टाइम लागते."

"लागतो."

ऊन अंगणात पायापर्यंत आलं. मुगाची रास बाजूला वाढत गेली. सासूबाई एकदा दारात येऊन आमच्याकडे पाहून गेल्या. घड्याळाने दोन दिले तेव्हा तिने सूप खाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाली, "झाला." मग घागर घेऊन विहिरीकडे गेली.

दसऱ्याला साक्षगंध झालं. हिरव्या साडीत ती छान दिसत होती. मुलाने तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा तसाच हसला. मी एवढं सांगते की तो आयुष्यभर तिच्याशी चांगला वागला. चारचौघांत तो कौतुकाने म्हणायचा, "आमी दोघंही मॅट्रिक फेल, तेही इंग्रजीतच." ती तेव्हा आत काही काम काढायची. लग्नानंतर परीक्षेचा विषय तिने एकदा काढला, दुसऱ्यांदा काढला, मग पहिलं मूल झालं. तिथेही कोणी नाही म्हटलं नाही.

मैत्रीण पेपर संपल्यावर वडिलांबरोबर तशीच नागपूरला गेली होती. त्यांचे लोक दसऱ्याला नागपूरला जात. ती परत आली तोवर आमच्या दारावरचं आंब्याच्या पानांचं तोरण वाळलं होतं. तिने पिशवीतून, सेंटरवर कोणाकडून तरी मागून आणलेला इंग्रजीचा पेपर काढून दिला. नणंदेने तो पायरीवर उभ्यानेच वाचला. पहिलं पान, उलटून दुसरं. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. वाचून झाल्यावर तिने घडी होती तशी घातली आणि परत दिला.

"सोपा होता," ती म्हणाली.

"तुले सोपा," मैत्रीण म्हणाली. "माह्या गणिताचं इचारू नको."

ती गणितात पुन्हा गेली. मार्चमध्ये पुन्हा बसली आणि निघाली. पुढे ट्रेनिंग करून झरीकडच्या जंगलातल्या एका गावी मास्तरीण झाली, जिथे मोटर जात नव्हती. तिने एकदा निरोप पाठवला होता की शाळेत मुलं थोडी आहेत आणि ती मराठी नाही, कोलामी बोलतात, आता मी पहिलीत आहे. माझी नणंद तो निरोप ऐकून खूप हसली. तेवढं हसताना मी तिला त्यानंतर फारसं पाहिलं नाही.

तुळशीचं लग्न लागलं आणि लग्नाची पत्रिका छापायला टाकली. मामंजी स्वतः प्रेसमध्ये जाऊन बसले. कच्ची छपाई घेऊन ते घरी आले ते थेट माझ्याकडे. मला उठणं जड जात होतं, म्हणून ते खाली सतरंजीवर माझ्याजवळ बसले आणि कागद माझ्या हातात दिला.

"सूनबाई, तू पाहून घे. घरात तूच शिकलेली. प्रेसवाला म्हणते, एकदा छापलं का मंग बदलत नाही. चूक नको राहाले."

नणंद दाराला टेकून उभी होती. शाई अजून ओली होती. वरती गणपती, मग कुलदेवता, मग वराचं नाव, त्याखाली लहान अक्षरांत मॅट्रिक फेल. मध्ये वेलबुट्टी. मग वधूचं नाव, त्याखाली तेवढ्याच अक्षरांत मॅट्रिक फेल. दोन्ही एका ओळीत, नीट बसवलेलं. मग तिथी, वार, मुहूर्त, स्थळ. मी वरून खाली सगळं वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं.

"काही आहे का?" मामंजींनी विचारलं.

चूक कुठेच नव्हती. मी तसं सांगितलं आणि कागद त्यांना परत दिला.